मामू गप्प होतो

रमीजची सुट्टी संपायला नऊ दिवस उरले होते, आणि घरातल्या सगळ्यांनी जणू एकाच शुक्रवारी भांडायचं ठरवलं होतं. जुम्म्याची नमाज आटोपून पुरुष परतले, दस्तरखान अंथरला गेला, सांदणं आणि बांगड्याचं सालन मधोमध आलं. पहिला घास तोंडात जायच्या आत खतीजा म्हणाली, "मी आत्ताच सांगून ठेवते. माझी पोर पेणला जायची नाय."

खतीजाची ही खोड जुनी. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती माणसं जेवायला बसायची वाट बघते, कारण भरल्या ताटावरून कोणी उठून जात नाही. हीच युक्ती वापरून तिने तीस वर्षांपूर्वी नवऱ्याला मस्कतला जाण्यापासून अडवलं होतं. मोठ्या मुलाला मात्र कुवेतला जाताना अडवता आलं नाही, तेव्हा तो जेवलाच नव्हता.

"अम्मी, नोकरी अजून लागली कुठं?" नावेद म्हणाला. धाकटा. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर होता, रात्रपाळी करून थेट रोह्याला घरी आला होता आणि त्याचे डोळे लाल होते. "आज परीक्षा हाय. ती तर होऊ दे. मग भांडू."

"आणि लागली मग?"

"लागली तर आपा माझ्याकडं राहील. पेणला रामवाडीत खोली हाय की. सोमवार ते शुक्रवार तिकडं, शनिवारी घरी."

"त्या खोलीत? हायवेला लागून? टरक जातात दणादणा!"

"खोलीतनं नाय जात ना, अम्मी."

जिच्यावरून हे चाललं होतं ती हफ्सा मुकाट जेवत होती. एकोणतीस वर्षांची, अंगाने बारीक, मानेने ताठ. सहाव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले, आणि तेव्हापासून तिच्या ताटातल्या माशाचे काटे खतीजाच काढत आली. आजही, टरकांना शिव्या देता देता, तिची बोटं लेकीच्या बांगड्यातून काटे उचलत होती. खरं तर हफ्साच्या बोटांना काटा डोळसांपेक्षा आधी सापडतो. पण आईला ते काम आवडतं म्हणून ती काढू देते.

पेणच्या एका संस्थेने आंधळ्या माणसांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं ठरवलं होतं. कॉम्प्युटर साधाच, पण त्यात एक सॉफ्टवेअर असतं. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतं, जी कळ दाबाल तिचं नाव सांगतं. हफ्सा चार वर्षांपूर्वी मुंबईला तीन महिने राहून ते शिकून आली होती. आता तिला ते दुसऱ्यांना शिकवायचं होतं. वर्गासाठी शिक्षक हवा होता, पाच जणांनी अर्ज केले होते, आणि आज तिची पाळी होती.

ती मुंबईहून परतली तेव्हा घरात मोठाच पेच पडला होता. कॉम्प्युटरमधला आवाज पुरुषाचा. तो बोलायला लागला की खतीजा दचकून ओढणी डोक्यावर घ्यायची. आठवडाभर ती स्वयंपाकघरातून माडीवर जाताना डोकं झाकून जात होती. शेवटी तिनेच तोडगा काढला आणि आवाजाला मामू म्हणायला लागली. मुलांचा मामू म्हणजे आपला भाऊ, आणि भावासमोर कसला पडदा! तेव्हापासून मामू घरचाच झाला. हफ्सा त्याला इतक्या वेगाने बोलायला लावते की बाकी कोणाला अक्षर कळत नाही. पडदाही ती काळा करून ठेवते. आपल्याला दिसायचा नाही तर वीज कशाला जाळायची, हा तिचा हिशेब.

"नोकरीची गरज काय, मला येवढंच सांगा," रमीज आता बोलला. अकरा वर्षं कुवेतला गोदाम सांभाळून त्याच्या आवाजात एक ठोसपणा आला होता. "माडीवर तिला खोली बांधून दिली. जिन्याला कठडा केला. काय कमी हाय? मी मेलोय काय?"

"तुमी मेलात असं कोणी म्हटलं?" अफशा म्हणाली.

सगळ्यांचे घास थांबले. अफशा रमीजची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि एकत्र राहिलेले दिवस जोडले तर जेमतेम नऊ महिने भरत. त्या नऊ महिन्यांत तिने नवऱ्याला उलट उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"जिवंत भावाच्या बहिणी पण नोकरी करतात," ती खाली बघत म्हणाली. "पहिला महिना मी जाईन तिच्यासंगती. एसटी, बाजार, संस्थेची वाट, सगळं पायाखालचं होईस्तोवर."

"आणि घर?" खतीजा.

"घर कुठं पळून जातंय?" अहमद म्हणाले.

म्हातारबुवा म्हणजे खतीजाचे यजमान. ते कानाने कमी ऐकतात, त्यामुळे त्यांना हिशेबात न धरण्याची सवय घराला लागली होती. सगळे त्यांच्याकडे वळले तेव्हा ते सांदण मोडण्यात गर्क होते, जणू ते वाक्य शेजारच्या घरातून आलं होतं.

खतीजाच्या लक्षात आलं की जेवायला बसताना तिच्या बाजूला तीन माणसं होती आणि आता एकटा रमीज उरलाय. ती व्यवहारी बाई. "परीक्षा दे, बाय," ती लेकीला म्हणाली आणि काटे काढलेला तुकडा तिच्या बोटांपाशी सरकवला. "परीक्षेला माझी ना नाय. ना हाय ती जायला."

"बरं अम्मी," हफ्सा म्हणाली. पाच जणांतून एकच घेणार होते. ही संधी गेली तर पुन्हा पेणमध्ये असा वर्ग कधी निघणार? आणि नोकरीसाठी मुंबईला कायमची एकटी पाठवायला तर हे घर सात जन्मांत तयार झालं नसतं.

*

परीक्षा तीनला होती. पावणेतीनला संस्थेच्या ऋतुजा मॅडमचा फोन आला की विद्यार्थ्याची एसटी नागोठण्याला बंद पडली, आता सव्वाचारला घेऊ.

परीक्षाही न्यारीच होती. पेणला संस्थेत एक नवखा माणूस कॉम्प्युटरसमोर बसणार, कानाला हेडफोन लावून. हफ्साने रोह्यातून फोनवर त्याला शिकवायचं. मॅडम तिकडे शेजारी बसून दोघांचं ऐकणार. वीस मिनिटांत त्या माणसाने स्वतःच्या हाताने मराठीत एक शब्द लिहायला हवा. हफ्साने रीत ठरवली होती. जी कळ त्याला दाबायला सांगायची ती आपणही दाबायची, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर या घटकेला काय म्हणत असेल ते मामू तिला सांगेल, आणि तो कुठे चुकेल ते तिला आधीच कळेल.

चार वाजता ती सगळं मांडून बसली. कानात फोनचे हेडफोन, त्यामुळे मामू बाहेरच्या आवाजात बोलणार. आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साडेचारला असरची अजान.

या घरात अजान सुरू झाली की दुसरा आवाज राहत नाही. टीव्ही बंद, मिक्सर बंद, भांडण असेल तर तेही अर्ध्यावर बंद. मामू घरात आल्यापासून त्यालाही सूट नव्हती. पहिल्या "अल्लाहु अकबर"ला खतीजा माडीवर येते आणि अलगद लॅपटॉपचं झाकण मिटते. हफ्साही हात मांडीवर घेऊन ऐकत बसते. एरवी त्यात काहीच अडचण नव्हती. पण लॅपटॉप जुना. एकदा झाकण मिटलं की पुन्हा जागा व्हायला सात-आठ मिनिटं घेतो, आणि मनात आलं तर होतही नाही.

जिन्यावर पावलं वाजली.

"भाई?"

"बोल."

"अम्मी काय करते?"

"पडली हाय जरा."

"उठली की सांग तिला, आज मामूचं झाकण मिटू नको. अजानला मी त्याचा आवाज एकदम बारीक करीन. पण झाकण नको म्हणावं. माझी परीक्षा मधेच लटकेल. सांगशील ना?"

"सांगतो गो," रमीज म्हणाला आणि खाली गेला.

*

इथे रमीजच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तो खरोखरच विसरला. खाली नावेद झोपला होता, अब्बा ओट्यावर होते, कुवेतहून सुपरवायझरचा फोन आला, त्यात पंधरा मिनिटं गेली. इथवर त्याला माफी आहे.

फोन ठेवून तो वर आला तेव्हा परीक्षा सुरू झाली होती. तो दारातच थांबला. हफ्साची पाठ त्याच्याकडे होती. पडदा काळा, बोटं कळांवर, आणि मामू भाजणीतल्या दाण्यांसारखा तडतडत होता. ती मात्र सावकाश बोलत होती.

"काका, घाबरू नका. मोडत नाय ते. आता उजव्या हाताचं पहिलं बोट. बारकासा उंचवटा लागला?"

रमीजने बहिणीला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या आठवणीतली हफ्सा "भाई, मला अमुक आणशील?" म्हणणारी होती. ही कोणीतरी बाई होती, आपलं काम जाणणारी. त्याला अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही. हिला ही नोकरी लागणार, हे त्याला त्या दारात कळून चुकलं.

मशिदीचा भोंगा खरखरला. जिन्यावर खतीजाची पावलं आली, ओढणी सारखी करत. पोरीला त्रास नको म्हणून ती चवड्यांवर चालत होती. रमीजच्या अंगावरून आत गेली. त्याला हफ्साचा निरोप आठवला. "अम्मी" एवढंच म्हणायला हवं होतं. खतीजाला टेबलापाशी पोचायला चार पावलं लागली. त्या चार पावलांत तो एकदा तोंड उघडून मिटू शकला असता, दोनदाही.

तो बोलला नाही. नाही लागली तर बरंच, असं त्याच्या मनात आलं. घर आहे तसं राहील, आणि नऊ दिवसांनी मी निश्चिंत मनाने विमानात बसेन.

खतीजाने झाकण मिटलं, रोज मिटते तसंच, अलगद.

*

मामू शब्दाच्या मध्येच गप्प झाला.

हफ्साने हात पुढे केला. बोटांना थंड झाकण लागलं आणि आईच्या बांगड्या. तिने झाकण उघडलं, कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मामू गाढ झोपला होता. पलीकडे विठूकाका विचारत होते, "ताई? आता कुठलं दाबू?"

विठूकाका नागोठण्याच्या आतल्या गावचे. भात आणि वाल करणारे. साखरेच्या आजाराने तीन वर्षांपूर्वी डोळे गेले. पंधरा मिनिटं ते दर कळेला हेच विचारत होते, "आता कुठलं?" आणि मामूच्या जोरावर हफ्सा दर वेळी सांगत होती. कानात हेडफोन असूनही त्यांनी आपल्या कॉम्प्युटरचं एकदाही ऐकलं नव्हतं. ते तिचंच ऐकत होते.

ही गोष्ट तिच्या ध्यानात आली ती मामू गप्प झाल्यावर. बाहेर अजान चढली होती.

"काका," ती भराभर म्हणाली, "माझ्याकडं अजान चालू झाली. आता मी दोन-तीन मिनिटं बोलणार नाय. आणि माझा कॉम्प्युटर पण बंद पडलाय. तुमी थांबू नका. तुमच्या कानातला जे सांगेल ते मला मोठ्यानं सांगत जा. चुकलं तर पुसायची कळ तुमाला ठाव हाय. मी ऐकतेय."

"अगो पन ताई, मी येकटा..."

ती बोलली नाही. हातांच्या मुठी मिटून मांडीवर ठेवून ती बसून राहिली. एका कानाचा हेडफोन तिने काढला. त्या कानात अजान होती, दुसऱ्यात पेणची ती खोली. तिथे खुर्ची करकरली. विठूकाकांचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ नुसता श्वासच. परीक्षा गेली, हफ्साला वाटलं. गेलीच.

मग एक कळ वाजली.

"हा बोलला 'व'," विठूकाका पुटपुटले. "नको. पुसला." टक. टक. "'स'. नाय रे बाबा. कडेची कळ धरून... हां. हा बोलला 'श'."

"अवो, मी सांगू काय?" शेजारून एका बाईचा आवाज आला. त्यांची बायको असणार. "मला दिसतंय ना, त्ये..."

"तू गप गो, शांती. हा सांगतोय मला."

टक. "काना." पुन्हा टक. मध्ये चुकलं, पुसलं, पुन्हा चुकलं. एकदा तर काका त्या आवाजावरच वैतागले, "आरं, सावकाश बोल की, वालाच्या शेंगा मोडतोस काय?" हफ्साला हसू फुटत होतं आणि रडूही. तिने ओठ दाताखाली धरले.

अजान संपली. तिने मनातल्या मनात दुआ म्हटली, एरवीपेक्षा घाईने, आणि अल्लाहची माफीही मागितली.

"काका, काय लिवलंत?"

"आता मला काय दिसतंय? शांती, बघ गो."

पलीकडे बाई अक्षर अक्षर लावत होती. चौथी शिकलेली असावी. "श... शां... ती." मग एकदम, "अवो, हे काय! लोकांसमोर!"

"तीन वरसांनी लिवलं कायतरी," विठूकाका म्हणाले. "माझं नाव मला ठाव हाय. ते लिवून काय करू?"

हफ्सा काही बोलणार तोच ऋतुजा मॅडमचा कोरडा आवाज आला. "वेळ संपली. तुमचा कॉम्प्युटर बंद पडला होता ना? लिहून घेतलंय मी. सगळ्यांशी बोलून कळवते." आणि फोन ठेवला गेला.

*

खाली ओट्यावर अहमद बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण घरात काहीतरी बिनसलं की ते त्यांना तळपायाला कळतं. जिन्यावरून सगळे एकामागून एक उतरले. खतीजा सगळ्यात शेवटी, भिंतीला धरून.

"मला कोणी सांगितलं नाय," ती म्हणत होती. "येवढं शिकल्यासवरल्याचं घर, आणि मला येक माणूस सांगत नाय! काटे काढत बसले मी तिचे, आणि माझ्याच हातानं..." ती खाली बसली आणि ओढणी तोंडावर घेऊन रडू लागली. दुपारी पोर पेणला जायची नाय म्हणणारी ही बाई, पोर नापास झाली असेल म्हणून ऊर बडवत होती. अहमदना यात काही विसंगत वाटलं नाही. चाळीस वर्षं ते तिच्यासोबत राहत होते.

"अम्मी, तू काय मुद्दाम केलंस?" हफ्सा तिच्याजवळ बसली. "रोज करतेस तेच केलंस."

"भाईला सांगितलं होतं ना तुमी?" अफशाने हफ्साला विचारलं, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"विसरला असेल," हफ्सा म्हणाली.

"व्हय, विसरला असेल," खतीजाने री ओढली. "त्याला शंभर कामं. चूक माझी. मीच आंधळी."

अहमद मोठ्या मुलाकडे बघत होते. रमीज दाराशी उभा होता आणि त्याची मान खाली होती. लहानपणी कैऱ्या चोरल्यावर असाच उभा राहायचा. आता केस पिकायला लागले होते, तरी उभं राहणं तेच.

"अम्मी, रडू नको," रमीज म्हणाला. "मी विसरलो खरा. पण तू वर आलीस तेव्हा मला आठवलं होतं. मी दारातच होतो. तुला थांबवलं असतं. नाय थांबवलं."

नावेद उठून बसला होता, तो पुन्हा झोपला असता तर बरं झालं असतं, कारण तो एक शिवी देऊन बसला. खतीजाची ओढणी तोंडावरून खाली आली.

"कशाला रे?" तिने विचारलं.

रमीजला सांगता येईना.

"मला ठाव हाय तो दारात होता," हफ्सा म्हणाली. "त्याच्या ऊदाच्या अत्तराचा वास जिन्यापासून येतो. म्हटलं, सांगतो काय ते बघू."

"आणि नसतं सांगितलं मग?" नावेद तडकला.

"मग माझा भाई नसता तो."

अहमदनी खाकरून घसा साफ केला. ते थोडं बोलतात, त्यामुळे बोलले की लोक ऐकतात. "रमीज, इकडं बस. तुला ठाव हाय, पंधरा वर्षं मी हिला रोज पेपर वाचून दाखवला. पहिल्या पानापासून निधन वार्तेपर्यंत. मामू आला, आणि ही सकाळी मी उठायच्या आधीच सगळा पेपर ऐकून बसायला लागली. पहिल्या दिवशी मला वाटलं, फेकून द्यावं ते मशीन नदीत. कुंडलिका काय लांब नाय."

"अब्बा! तुमाला कळलं होतं?" हफ्सा लाजली.

"बहिरा हाय, येडा नाय. मी वाचायला लागलो की ही म्हणते, 'व्हय काय अब्बा? असं झालं?' जसं काय पहिल्यांदाच ऐकते. मी पण वाचतो. दोघं सोंग करतो, मजा येते." ते हसले. "पण नदीत टाकलं नाय मी. तू टाकलंस, रमीज. तेवढ्या घटकेपुरतं का होईना."

रमीजने डोळे पुसले. लेकाचे डोळे भरलेले बघून खतीजाचा राग वितळला. पण तिने त्याला जवळ घेतलं नाही. आज तिचा हात हफ्साच्या पाठीवर होता आणि तो तिथेच राहिला.

"आता येक ठरलं," ती म्हणाली. "ही नोकरी गेली तर दुसरी शोधायची. मुंबईला असली तरी. मी जाईन संगती. टरक तर टरक."

दुपारी ना म्हणणारी आता एकटीच सगळ्यांच्या पुढे निघाली होती. नावेदने कपाळावर हात मारला.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. हफ्साने आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून. ऋतुजा मॅडम त्याच कोरड्या सुरात म्हणाल्या की एक तारखेपासून यायचं आहे, येताना दोन फोटो आणावेत. मग म्हणाल्या, "विठूकाका अजून इथंच बसलेत. उठतच नाहीत. घरातल्या सगळ्यांची नावं लिहितायत, आता म्हशीचं चाललंय. तुम्ही येऊन त्यांना उठवा बाई."

नावेदने शिट्टी मारली. खतीजा रडली, हसली, आणि शेजारच्या शकूला सांगायला अनवाणीच धावली.

*

ऊन उतरलं होतं. माडीवरच्या खोलीत हफ्सा मामूला जागं करत बसली होती. रमीज आला आणि खाटेच्या कडेला टेकला.

"मुबारक हो," तो म्हणाला.

"हं."

"रागावलीस?"

"रागावले. दोन दिवस राहील. मग जाईल."

तो हसला नाही. खिडकीतून बाहेर बघत बसला, आणि अचानक जे खाली सांगता आलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "तिकडं पन्नास डिग्रीत गोदामाचं शटर उघडतो ना, तेव्हा मनाशी म्हणतो, हफ्सा हाय घरी. तिच्यासाठी हाय हे. अकरा वर्षं येवढ्यावर काढली. आज दारात उभा राहून तुझं ऐकलं, आणि वाटलं, हिला माझी काय गरज? मग मी कोणासाठी जाऊ गो?"

हफ्साची बोटं थांबली.

"मग नको जाऊ," ती म्हणाली.

"येवढं सोपं हाय?"

"सोपं नाय. पण माझ्या नावानं जाऊ नको, भाई. तू माझ्यासाठी जातोस, आणि भाबी इकडं माझ्या शेजारच्या खोलीत एकटी झोपते. मला दिसत नाय, ऐकू तर येतं. नऊ वर्षं मी तिच्यापुढं चोर होऊन राहिले. माझ्यावरचं हे वझं उतरव. जायचं तर तुझ्यासाठी जा. नायतर राहा."

दारात अफशा चहाचे तीन कप घेऊन उभी होती. केव्हापासून, ते रमीजला कळलं नाही, हफ्साला माहीत होतं. अफशा परत फिरणार होती, पण चहा हिंदकळून बोटांवर आला आणि तिला ट्रे टेबलावर ठेवावाच लागला.

रमीजने बायकोकडे पाहिलं. दर वर्षी तो हिला विचारायचा, काय आणू? सोनं, अत्तर, मोबाइल. आज पहिल्यांदा त्याला कळत नव्हतं की विचारावं कसं.

"अफशा," तो म्हणाला, "राहू काय?"

या प्रश्नाची उत्तरं तिने नऊ वर्षं घोळवली होती. काही टोचणारी होती, काही गोड. आता त्यातलं एकही आठवेना.

"राहा," ती म्हणाली, आणि नणंदेच्या देखत, भर दिवसा, नवऱ्याच्या शेजारी बसून ओक्साबोक्शी रडली.